फेदर डस्टरचा पिसारा गळून पडला, मेला का?

पंचवटीकर
मरीन टँकमधल्या फेदर डस्टरचा, म्हणजे नळीत राहणाऱ्या त्या समुद्री किड्याचा, अख्खा पिसारा काल वाळूत पडलेला दिसला. नळी तशीच उभी, आत काय चाललंय कळत नाही. दुकानदार म्हणतो गेला, फेकून द्या नाहीतर पाणी नासेल. नाशकात गोल्डफिशवाले ढीगभर, खाऱ्या पाण्याचं कोणाला विचारायचं? मी माशांचेच दाणे टाकत होतो, ते चालतं ना?

मरीनवेडा_सिडको
फेकू नका हो एवढ्यात! ताण आला की हे किडे स्वतःच पिसारा टाकतात आणि तो परत उगवतो, आधी बारका आणि विरळ येतो इतकंच. नळीच्या तोंडाशी वास घ्या, मेलेला असेल तर कुजका वास लपत नाही. अजून एक, तांब्याचं औषध टाकलं होतं का? माशांना चालतं पण या बिनकण्याच्या जिवांना ते विषच. आणि मे महिन्यात आपल्याकडे टँकचं पाणी भराभर उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून वरून साधं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही.

झूवालीताई
दाण्यांचा त्याला काही उपयोग नाही. पिसाऱ्याच्या प्रत्येक काडीला बारीक फांद्या असतात, त्यांच्यावरचे सूक्ष्म केस हलून पाणी ओढतात, अडकलेले कण खोबणीतून तोंडाकडे सरकतात आणि वाटेतच चाळण होते: बारीक पोटात, मोठे बाहेर, मधल्या आकाराचे चिकट स्रावात कालवून नळीच्या काठावर लिंपायला. श्वासही त्याच पिसाऱ्याने, आणि रक्त चक्क हिरवं! हा गांडुळाच्या भाऊबंदांपैकी, सॅबेलिडी कुळातला. दुकानात मिळतो तो बहुतेक हिंदी-प्रशांत महासागरातला, उथळ खाड्या, बंदरं, प्रवाळाच्या आसपास राहणारा, म्हणजे जिथे पाण्यात कण तरंगत असतात तिथला. आपण टँक चकाचक ठेवतो आणि हा बिचारा उपाशी. लिक्विड फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) द्या, देताना फिल्टर थोडा वेळ बंद.

कोकणजावई
मधेच विचारतो, सासरी खडकांवर, शिंपल्यांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या टणक नळ्या दिसतात त्या याच्याच का?

झूवालीताई
त्या चुलत घराण्याच्या, सर्पुलिडी. त्यांची नळी चुन्याची, आणि बहुतेकांना आत शिरल्यावर तोंड बंद करायला बूच असतं. फेदर डस्टरची नळी मऊ, चामड्यासारखी, बूच नाही, म्हणून त्याचा सगळा भरवसा चपळाईवर. काड्यांवर प्रकाश ओळखणारे ठिपके आणि अंगात जाड मज्जातंतू, त्यामुळे सावली पडली की डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब.

पंचवटीकर
वास अजिबात नाही! पण सावलीवरून आठवलं, हल्ली तो दिवसभर आतच असायचा. नवीन बटरफ्लाय फिश आणल्यापासून.

मरीनवेडा_सिडको
अहो मग आधी सांगायचं ना 😄 बटरफ्लाय टोचून टोचून पिसारा खातो. आजच त्याला दुसऱ्या टँकमध्ये हलवा, नळीला हात लावू नका आणि फायटो थोडं थोडं चालू ठेवा.