छोट्या घरात मांजराचं झाड : तुमचे अनुभव येऊ द्या

घडवंची : दसऱ्याच्या आवराआवरीत खिडकीतला कूलर काढला. जुनी खस फेकली, टाकी धुतली आणि स्टँड गच्चीवर नेण्याआधी दोन मिनिटं हॉलमध्ये टेकवला. परत येऊन पाहते तर चिंगी वर! चार लोखंडी पट्ट्यांवर चार पाय, शेपटी खाली सोडलेली, हलायचं नाव नाही. आणि मला नागपूरच्या महाल भागातलं आजीचं घर आठवलं. मधल्या खोलीत घडवंची, तिच्यावर गाद्या-गोधड्यांचा आढ्याला टेकेल इतका ढीग आणि सगळ्यात वर आजीची भुरी. पाहुणे आले की आजी खालून दोन गोधड्या अशा ओढायची की वर भुरीला पत्ता लागायचा नाही.

आता मनीष नगरात वन बीएचके. घडवंची ठेवायची कुठे? ऑनलाईन ती कॅट ट्री पाहतेय, म्हणजे मांजराला चढायला-बसायला आणि नखं घासायला खांब-फळ्यांचं झाड, पाच फुटी, फरच्या कापडाची. कोणी घेतलंय का? पैसे वाया जातात का?

बोकोबा : उंची नंतर, आधी बूड बघा. आमचं पाच फुटी होतं आणि बूड जेमतेम दीड फूट. साडेपाच किलोचा बोका सोफ्यावरून थेट वरच्या मजल्यावर झेपावला आणि झाड त्याच्यासकट टीव्हीवर. टीव्ही वाचला, पण बोका त्यानंतर महिनाभर झाडाकडे फिरकला नाही. एकदा हललं की त्यांचा विश्वास उडतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही म्हणून बुडावर शहाबादी फरशीचे दोन तुकडे ठेवलेत. भोक पाडता येत असेल तर सरळ एल-पट्टी मारा.

ऊनऊन : मनीष नगर म्हणजे फाटकाच्या इकडे का तिकडे?

सुतळीबॉम्ब : मी घरी बनवलं. चार इंची पीव्हीसी पाइप, तीन फूट. पहिल्यांदा काथ्या गुंडाळला, घरभर कुसळं. पोळीतसुद्धा. मग सुतळी, ती पंधरा दिवसांत पिंजली. शेवटी इतवारीतून सायझलचा (घायपाताच्या धाग्याचा) दोर आणला, ८ मिमी जाडीचा. मला वाटलं १० मीटर पुरे. एक वीत पण झाला नाही हो! दुकानात तीन चकरा, एकूण ४० मीटरच्या आसपास लागला. तिसऱ्यांदा दुकानदार म्हणे, भाऊ विहीर खोदून राहिले का. दर चार वेढ्यांनी फेविकॉल लावा आणि पाइपात खाली रेती भरा.

माय_मावशी : काहून एवढा खर्च करता जी. आमची तर फ्रिजवर बसते. फुकट.

बोकोबा : मावशी, फ्रिजला नखं घासता येत नाहीत ना. मग सोफा जातो.

माय_मावशी : सोफाच नाही आमच्याकडे 😄 दिवाण आहे.

चौथा_मजला : जागेबद्दल सांगते. आम्ही पाय अडखळतो म्हणून दाराआड ठेवलं, तिने वासही घेतला नाही. पंजांच्या गादीत गंधग्रंथी असतात, नखं घासून ती आपला वास लावून ठेवते, मग आडकोपऱ्यात कशाला लावेल? सोफ्याच्या ज्या कोपऱ्याची तिने वाट लावली होती, बरोबर तिथेच झाड उभं केलं आणि सोफा सुटला. मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणता आलं पाहिजे, म्हणजे खांब तीन फुटांपेक्षा कमी नको. खिडकीजवळ ठेवणार असाल तर आधी जाळी. आणि पश्चिमेची खिडकी नको. मे महिन्यात त्या फरच्या कापडावर आपण हात ठेवू शकत नाही, ती काय बसणार. कव्हर काढून धुता येणारं घ्या, नाहीतर केस वेचत बसाल.

जुनी_मैत्रीण : आमची चौदाची आहे. सांधे धरलेत. झाड आहे, पण मागच्या वर्षीपासून ती खाली बसून नुसती वर बघायची. आता बाजूला पाट, त्याच्यापुढे स्टूल, अशा पायऱ्या केल्यात. पहिल्या मजल्यापर्यंत जाते. वरचा रिकामाच असतो.

सुतळीबॉम्ब : 🙏 पाटाला गोणपाट लावा ताई, घसरणार नाही.

जुनी_मैत्रीण : लावते आजच.

ऊनऊन : मी यासाठी विचारलं की आमच्याकडे मोकळा काथ्या पडून आहे, देऊन टाकला असता.

बोकोबा : वरचं वाचा हो. काथ्या नको. पोळीत जातो.

घडवंची : सगळ्यांचे आभार. काल रात्री टेपने मोजलं, कूलरचा स्टँड बरोबर सव्वातीन फूट. अँगलचा आहे, मी लटकले तरी हलत नाही. वर फळी, फळीवर आजीच्या गोधडीचा तुकडा आणि दोन पायांना सायझल. चिंगी आत्ताच वर आहे, फळी यायची आहे तरी.

चौथा_मजला : झकास! पण मार्चमध्ये कूलर कशावर ठेवणार?

घडवंची : दुसरा स्टँड घ्यावा लागेल. ह्यांना अजून सांगितलं नाहीये.

ऊनऊन : फाटकाच्या इकडे का तिकडे ते राहिलंच.