श्रुतिकांची बाडं इंदूरातच राहावीत की पुण्याला जावीत?

रामबागवाला
रेडिओ, टीव्ही आणि रंगमंच, तिन्हीकडे लिहिलेल्या इथल्या एका दिवंगत लेखकाच्या घरी दोन कपाटं भरून कागद आहेत. घर विकायला काढलंय. मुलगा बंगळूरला, तो सगळं पुण्याच्या एका संस्थेला देऊन मोकळा होणार. माझा विरोध आहे. परवा त्यातली एक श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची छोटी नाटिका, चाळली. कार्बन प्रत, डाव्या समासात निळ्या पेन्सिलीनं मिनिटं-सेकंद, मध्येच आठ ओळींवर काट आणि बाजूला 'वेळ नाही'. पुढे पुस्तक छापलं तेव्हा त्या आठही ओळी परत घेतल्या. म्हणजे त्या रात्री लोकांनी जे ऐकलं ते पुस्तकात नाहीच, फक्त या बाडात आहे. आणि हा माणूस नाटक मराठीत लिहायचा, रेडिओसाठी हिंदीत, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला इथल्या माळवी बोलीत. त्या कार्यक्रमातले नंदाजी-भेराजी ऐकत मोठी झालेली माणसंच ते धड वाचतील. पुण्यात माळवीचे गठ्ठे 'इतर' म्हणून बांधून माळ्यावर जातील.

आता पुणेकर
दादा, भावना कळली, पण कागदाला गावाचा अभिमान नसतो. लोखंडी टाचण्या गंजून पान खातात, वर्तमानपत्राचं कात्रण शेजारचं पान पिवळं करतं, सेलोटेप तर सगळ्यात वाईट. हे बघायला रोजचा पगारी माणूस लागतो. इंदूरात कोण ठेवणार? आमच्या आजोबांची पुस्तकं तिथल्याच एका वाचनालयाला दिली होती, दोन पावसाळे पोत्यात पडून होती.

खातीपुरा
भिया, एवढं भांडताय कशाला? सगळं स्कॅन करा आणि टाका नेटवर. मूळ कागद कुठेही पडू द्या.

रामबागवाला
'कुठेही पडू द्या' म्हणजे वर्षभरात रद्दीत. त्यांनी नाटकाचा दुसरा अंक लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलाय. पत्रिकेवरच्या तारखेवरून तो केव्हाचा ते कळतं. स्कॅन करणारा पोरगा पाठची बाजू घेतो का?

कोर्टकचेरी
नेटवर टाकण्याआधी थांबा. कागद कपाटात आहे म्हणून त्याचा कॉपीराइट कपाटवाल्याचा होत नाही. लेखकाचे हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात. त्यांना आलेल्या पत्रांचे हक्क तर पत्रं लिहिणाऱ्यांचे किंवा त्यांच्या वारसांचे. संस्थेला कागद देणं आणि हक्क देणं हे दोन वेगळे व्यवहार, हक्क द्यायचे तर तसं लिहून सही करावी लागते. ताबा देतानाच करार करा: कोण वाचणार, कोणती पत्रं किती वर्षं बंद राहणार, प्रयोगाची परवानगी कोण देणार.

रामबागवाला
हे कामाचं. पण पुणेकरताई, मोठ्या शहराशिवाय जमत नाही म्हणता, तर सीतामऊचं काय? महाराजकुमार रघुबीरसिंहांनी उभी केलेली, जुनी इतिहासाची कागदपत्रं जपणारी नटनागर शोध संस्थान आमच्याच माळव्यात, एवढ्याशा गावात. मुघल-मराठा काळावर काम करणारे आजही तिथे जातात.

आता पुणेकर
ते स्वतः इतिहासकार होते आणि राजघराण्यातले. तुमच्या रामबागेत असा कोण आहे, नाव सांगा. मी लगेच मत बदलते.

सुदामानगर
मी ते कुटुंब ओळखते. मुलाला मानधनाची पत्रं आणि उधारीच्या चिठ्ठ्या काढून टाकायच्यात, 'बाबांची लाज जाईल' म्हणे. मला ते पटतं. घरातलं दारिद्र्य संशोधकांना का दाखवायचं?

आता पुणेकर
मला नाही पटत. बीबीसीनं रेडिंगजवळ कॅव्हरशमला लेखी कागदांचं वेगळं केंद्रच ठेवलंय, तिथे लेखकांशी झालेला मानधनाचा पत्रव्यवहारही जपलाय. एका श्रुतिकेला किती मिळायचे हे कळल्याशिवाय माणूस दर महिन्याला श्रुतिका का पाडत होता ते कसं कळणार? लाज वाटत असेल तर पाकीट वीस वर्षं सील करा, फाडू नका.

खातीपुरा
रेडिओवाल्यांकडे टेपा असतीलच की. कागद हवाय कशाला?

रामबागवाला
टेप महाग, पुसून त्यावरच पुढचा कार्यक्रम घ्यायचे. कित्येक नभोनाट्यांचा आज नुसता कागदच उरलाय.

सुदामानगरताई, मुलाला एवढं सांगा, निर्णय काहीही होवो, कपाटातला क्रम हलवू नका. रविवारी मी यादी करायला जातोय. माळवी वाचू शकणारं कुणी सोबत हवंय. पुण्याला माझी संमती अजूनही नाही.

आता पुणेकर
यादीच्या दोन प्रती करा, एक मला पाठवा. संमती मुलाची लागते, तुमची नाही.