दोंगबा पोथ्या: कुठल्या गावची पाहिलीत? (अनुभव धागा)

मंडळी, चीनच्या युन्नान प्रांतातल्या नाशी लोकांच्या चित्रलिपीतल्या पोथ्या आपल्यापैकी काहींनी पाहिल्या आहेत. दोंगबा म्हणजे त्यांचे पुरोहित. लेख वाचावा तर सरसकट 'नाशी लिपी' म्हणून विषय संपवलेला असतो, आणि मला ते फार खटकतं. लीज्यांग या नाशींच्या मुख्य शहराकडची पोथी आणि उत्तरेकडच्या रुओखा भागातली पोथी शेजारी ठेवली तर लिहिण्याची धाटणी वेगळी दिसते. तुम्ही कुठली पाहिलीत? सविस्तर लिहा.

बोस्टनहून:
मी हार्वर्ड विद्यापीठाच्या येनचिंग ग्रंथालयातली पानं ऑनलाइन पाहिली. लांबट, आडवं पान, तीन ओळी, उभ्या रेघांनी पाडलेले चौकोन, वाचन डावीकडून. बऱ्याच पोथ्यांच्या सुरुवातीला वाघाचं डोकं असतं. तिथे वाघाचा काही संबंध नाही, 'फार पूर्वी' या शब्दांतल्या एका उच्चारासाठी ते चित्र येतं. एका चौकोनात दोन-तीनच चित्रं, पण पुरोहित त्यावरून अख्खं कडवं म्हणतो! म्हणून चित्रं नुसती ओळखता येऊन भागत नाही, त्या भागाची परंपरा पाठ असावी लागते.

पुण्याहून:
आम्ही युन्नानमधल्या बायदी या नाशी गावाला गेलो होतो, तिथल्या पांढऱ्या चुनखडीच्या पायऱ्या बघायला. बायदीला गेला नाही तो मोठा दोंगबा नव्हे, असं नाशी लोक म्हणतात. झाडाच्या सालीचा हातकागद अजून होतो. जाडसर, खरबरीत, बोट फिरवलं की धागे लागतात.

बंगळुरूहून, भाषाशास्त्र शिकते:
चित्रकार असलेल्या ली लिनत्सान यांनी १९४४ मध्ये या चित्रांचा कोश काढला. गावोगाव हिंडून त्यांनी रुओखाची चिन्हं वेगळी नोंदवली, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. 'गेबा' ही अक्षरलिपी (एका चिन्हाला एक उच्चार) लीज्यांगकडे आढळते, रुओखात नाही. युंगनिंग भागातल्या, नाशींशी नातं असलेल्या मोसो लोकांचे 'दाबा' म्हणजे पुरोहित तर जवळजवळ सगळं तोंडीच म्हणतात.

वॉशिंग्टनजवळून:
लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ३,३४२ पोथ्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रॉक यांनी जमवलेल्या, आणि त्यांचा मुक्काम १९२२ ते १९४९ या काळात मुख्यतः लीज्यांग परिसरात. एवढ्यावरून साऱ्या नाशी प्रदेशाबद्दल बोलू नये, असं मला ठामपणे वाटतं. बायदीच्या पोथीचे फोटो असतील तर पुणेकरांनी जरूर टाकावेत, शिवण कुठल्या बाजूला आहे तेही दिसू द्या.