पाठ झालेले उत्तर आणि फ्लॅप्स

विमानातील पडताळणी यादी (चेकलिस्ट) मोठ्याने म्हटली की चूक राहूच शकत नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. छोट्या विमानात उतरण्यापूर्वी ‘गम्प्स’ (इंग्रजी आद्याक्षरांचा आठवणीसाठीचा शब्द) म्हणत इंधन, चाके, इंधन-हवेचे मिश्रण, प्रोपेलर आणि आसनपट्टे तपासणे उपयोगाचे आहेच, विशेषतः वैमानिक एकटा असताना. परंतु पाठ झालेले उत्तर डोळ्यांनी पाहण्याआधीच जिभेवर येते, याचा विचार या मतात झालेला दिसत नाही. ३१ ऑगस्ट १९८८ रोजी अमेरिकेतील डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर डेल्टा या विमानकंपनीच्या बोइंग ७२७ विमानात उड्डाणापूर्वी फ्लॅप्सविषयी (उड्डाणावेळी उचल वाढवण्यासाठी पंखांच्या मागील कडेला उघडणाऱ्या झडपांविषयी) विचारणा झाली आणि ‘पंधरा, पंधरा, हिरवा दिवा’ (पंधरा म्हणजे फ्लॅप्सचा कोन) असे अगदी अपेक्षित उत्तरही मिळाले, हे कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात नोंदले गेले आहे. प्रत्यक्षात फ्लॅप्स उघडलेलेच नव्हते, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. धोक्याचा इशारा देणारी यंत्रणाही गप्प राहिली आणि विमान कोसळून १४ जणांचा मृत्यू झाला.

नुसते ‘तपासले’ न म्हणता प्रत्यक्ष आकडा वाचावा, असा उपाय अनेकदा सुचवला जातो, पण या घटनेत तर आकडाच उच्चारला गेला होता. म्हणून आधी फ्लॅप्सच्या दांड्याला हात लावून, मग निर्देशक पाहून आणि त्यानंतरच उत्तर देण्याची पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.