उत्तर: कॉन्टॅक्ट प्रिंटसाठी एचपी5, एफपी4 की टी-मॅक्स 100?

व्हॅन डाइक आणि सॉल्ट प्रिंट या निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून अतिनील प्रकाशात छापायच्या जुन्या पद्धतींसाठी या तीन कृष्णधवल फिल्मपैकी निवडायची असेल, तर माझं मत सरळ एफपी4 प्लसला. इथे फिल्मच्या स्पीडपेक्षा डेव्हलपिंग वाढवल्यावर घनता किती चढते, ते महत्त्वाचं. एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून छापणाऱ्या यंत्राखाली) छान छापली जाणारी निगेटिव्ह साधारण 1.0 ते 1.1 घनता-अंतराची (सर्वात गडद आणि सर्वात फिक्या भागांच्या घनतेतला फरक) असते. व्हॅन डाइकला 1.8च्या आसपास लागतं, सॉल्टला 2.0 किंवा त्याहून जास्त. एफपी4 तिथवर सहज पोहोचते. एचपी5ची डेव्हलपिंगची वेळ वाढवली की कॉन्ट्रास्टआधी फॉगच (निगेटिव्हभर पसरणारा नकोसा राखाडीपणा) वाढू लागतो. त्यामुळे ती सायनोटाइपला (निळ्या प्रिंटची, कमी अंतरावर भागणारी पद्धत) चालेल, सॉल्टला ओढाताण होईल.

टी-मॅक्स 100 दाणा-तीक्ष्णतेत उत्तम, पण ती अतिनील प्रकाश बराच अडवते. डोळ्यांना फिल्म स्वच्छ दिसते आणि छपाईचं एक्सपोजर मात्र कित्येक पट लांबतं. टी-मॅक्स 400 या बाबतीत बरी, आणि डेव्हलपिंगला प्रतिसादही चांगला देते.

कॅमेऱ्यात एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्या, नाहीतर सावल्या कोऱ्याच राहतील. डेव्हलपिंग नेहमीच्या वेळेच्या दीडपटीपासून सुरू करा. पायरोकॅटसारखा डाग पाडणारा डेव्हलपर असेल, तर निगेटिव्ह नजरेला फिकी वाटली तरी फसू नका: तो पिवळट-तपकिरी डाग अतिनील अडवतो, म्हणून साध्या डेन्सिटोमीटरचं (घनता मोजणाऱ्या यंत्राचं) वाचन इथे कमी येतं. त्यापेक्षा 21 पायऱ्यांची स्टेप टॅबलेट (टप्प्याटप्प्याने गडद होत जाणारी फिल्मची पट्टी, प्रत्येक पायरी 0.15 घनतेची) तुमच्याच कागदावर, तुमच्याच दिव्याखाली छापा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जितक्या पायऱ्या मोजता येतील, त्याला 0.15ने गुणा. निगेटिव्हला तेवढं अंतर हवं.