मदत हवी आहे : नऊ वर्षांचा मुलगा, दोन घरं आणि साताऱ्याला अजून न सांगितलेली गोष्ट

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा आयडी मात्र नवीन काढलाय, कारण कळेलच. लांबण लागलीये, आधीच माफी मागतो.

वय ४१, पुण्यात नोकरी, लग्नाला १२ वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर मी सिंहगड रोडला आनंदनगरच्या आमच्या फ्लॅटमधून बाहेर पडलो आणि धायरीत वन बीएचके भाड्याने घेतला. मारहाण, दारू, तिसरी व्यक्ती यातलं काहीही नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात आणि ‘नाही’ म्हटलं की पुढे काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. तीनेक वर्षं आम्ही वाणसामान आणि शाळेची फी एवढ्यापुरतंच बोलत होतो. शेवटी तिनेच विचारलं, अजून तीस वर्षं अशीच काढायचीत का? मला उत्तर देता आलं नाही. आता संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलंय.

पैशाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. ३१ लाख बाकी, हप्ता ३६,०००, तो मी भरतो. इथलं भाडं १५,०००. हातात ९२,००० येतात, तिला ४०,०००. शाळा, क्लास, गाडी, आईची औषधं. २० तारखेनंतर बॅलन्स बघायची हिंमत होत नाही. फ्लॅटमध्ये तिने आणि मुलाने राहावं असं मलाही वाटतं, पण हप्ता अजून ११ वर्षं आहे.

मुलाचं अवघड आहे. दर दुसऱ्या शनिवारी तो माझ्याकडे येतो. पहिल्यांदा आला तेव्हा दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पिशवीला रबर लावून आणलेला टूथब्रश काढला. मी त्याच्यासाठी इथे नवा आणून ठेवलाय, निळा, त्याच्या आवडीचा. म्हटलं, हा वापर, इथेच राहू दे. तर म्हणाला, “नको, तो पाहुण्यांसाठी ठेव.” त्याला आम्ही अजून नीट सांगितलेलं नाही. ‘बाबांना ऑफिस जवळ पडतं’ असं काहीतरी सांगून ठेवलंय. धायरीहून हिंजवडीचं माझं ऑफिस जवळ पडतं, हे पुण्यातल्या कुठल्याही नऊ वर्षांच्या मुलाला पटणार नाही. त्यालाही पटलेलं नाही. तो विचारत नाही, एवढंच.

आणि साताऱ्याला आई. तिला काहीच माहीत नाही. दीड महिन्यावर गौरी आल्यात. गेली १२ वर्षं आमच्या गौरींना साडी हिनेच नेसवली आहे. आईच्या हाताला आता त्या निऱ्या जमत नाहीत. परवा फोनवर म्हणाली, “तिला म्हणावं दोन दिवस आधीच ये.” मी ‘हो’ म्हणालो.

झोप तीनला उघडते ती उघडतेच. काय करू?

अळूचं फदफदं
सहा वर्षांपूर्वी यातून गेले आहे, म्हणून हक्काने लिहिते. मुलाला या आठवड्यात सांगा. दोघांनी मिळून, एकाच वेळी, त्याच्या घरी बसून. काय बदलणार आणि काय नाही, हे त्याच्या भाषेत सांगायचं : शाळा तीच, मित्र तेच, आजी तीच, बाबा वेगळ्या घरात. आणि ‘यात तुझी काही चूक नाही’ हे मोठ्याने, शब्दांत बोलायचं. ते मुलांना आपोआप कळत नाही. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती. चार महिन्यांनी कळलं, की तिने माझा फोन पाण्यात पाडला त्यावरून आमचं भांडण झालं होतं आणि म्हणून बाबा गेला, असं तिने मनाशी ठरवलं होतं. चार महिने ती ते पोटात घेऊन वावरत होती.

एकदा सांगून भागत नाही. पुन्हा पुन्हा विचारेल, बहुतेक गाडीत मागे बसल्यावर. निरोप्या करू नका. ‘आईला सांग फी भरलीये’ हे वाक्यसुद्धा नको, आईला स्वतः मेसेज करा. आणि दर शनिवारी पेशवे उद्यान, फुलराणी, पिझ्झा असली जत्रा नको. कंटाळू दे त्याला तुमच्याकडे. पोळीवाल्या मावशी येत नसतील तर त्याच्याकडून कणीक मळून घ्या. जिथे कंटाळता येतं ते घर, नाहीतर लॉज.

ब्रशचा आग्रह धरू नका.

खातेवही
मी बँकेतून निवृत्त झालो, कर्ज विभागातच होतो. एक गैरसमज आधीच काढून टाका. घटस्फोटाच्या निकालात ‘हप्ता नवरा भरेल’ असं लिहिलं, तरी बँक त्याला बांधील नाही. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत, तोवर पूर्ण कर्जाला दोघंही जबाबदार. तुमचा हप्ता चुकला, तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तिचीही खराब होणार.

मग मार्ग उरतात तीन. पहिला, तिच्या एकटीच्या उत्पन्नावर बँक कर्ज बदलून देते का हे विचारायचं. ४०,००० पगारात ३६,००० चा हप्ता कुठलीही बँक मान्य करणार नाही हे उघड आहे, त्यामुळे आधी मुद्दल बरंच खाली आणावं लागेल किंवा तिच्या माहेरचं कुणी सहकर्जदार हवं. दुसरा, फ्लॅट विकून कर्ज फेडायचं, उरलेले वाटून घ्यायचे. मनाला लागतं, पण ११ वर्षं एकमेकांच्या खात्यात अडकून राहण्यापेक्षा कधीकधी बरं. तिसरा, हप्ता तुम्हीच भरायचा, पण तो पोटगीचा भाग आहे असं संमतीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहून. नाहीतर उद्या हप्ताही तुमच्याकडे आणि पोटगीही वेगळी.

नाव कमी करायला हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र नोंदवावं लागतं, तेही बँकेची ना-हरकत घेऊनच. महाराष्ट्रात राहतं घर बक्षीसपत्राने नवऱ्याने बायकोला दिलं तर मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, पण त्यासाठी नातं नवरा-बायकोचं हवं. निकालानंतर ते नातंच उरत नाही. त्यामुळे कागद कधी करायचा हे वकिलाला आत्ताच विचारा. आणि पीएफ, विमा, बँक खाती, सगळीकडचं नॉमिनेशन तपासा. ते आपोआप बदलत नाही. ऑफिसच्या मेडिक्लेममधून बायको बाहेर पडेल. मुलगा राहू शकतो, त्याचं नाव काढू देऊ नका. तिने मात्र निकालाच्या आधीच स्वतःची पॉलिसी घेतलेली बरी, नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना थांबावं लागतं.

पारावरचा
आमच्या वेळी असले प्रश्नच नव्हते. थोडं सहन केलं की संसार होतात. ना मारहाण ना दारू, मग घटस्फोट कशाला? मुलाचा विचार करा.

अळूचं फदफदं
@पारावरचा, धागा मुलाबद्दलच आहे. तुमच्या वेळी प्रश्न होते, विचारायला जागा नव्हती.

तारीख पे तारीख
शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अधूनमधून असतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ ब : अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. म्हणजे तुमचा अर्ज या दिवाळीनंतर. तो दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं, मग दुसरी पायरी. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितलंय, पण ते न्यायाधीशांच्या अखत्यारीत. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असणं, मुलाचा आणि पैशाचा वाद मिटलेला असणं, असं बघतात. ‘आठवड्यात करून देतो’ म्हणणाऱ्या वकिलापासून लांब राहा. निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या.

मुलाच्या ताब्याच्या अटी बारीक लिहा. ‘योग्य त्या वेळी भेट’ असं लिहिलं की पुढे भांडण ठरलेलं. गणपती, दिवाळी, मे महिना, वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन, व्हिडिओ कॉलची वेळ, सगळं. मुलगा मोठा झाला की अटी बदलून मागता येतात. आणि तुमच्या पत्नीला स्वतंत्र वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दोघांनी मिळून एकच वकील केला की पुढे एकाला कायम वाटत राहतं, आपल्याला फसवलं.

दोन दप्तरं
मी २४ वर्षांची आहे. आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी दहाची होते. तुमचा मुलगा ‘पाहुण्यांसाठी ठेव’ म्हणाला ते वाचून पाणी पिता पिता थांबले. काका, मी दीड वर्ष बाबाकडे बॅग उघडलीच नव्हती. कपडे बॅगेतूनच काढायचे आणि बॅगेतच ठेवायचे. बाबाने एकदाही ‘कपाटात लाव’ म्हटलं नाही. त्याने फक्त खालचा खण रिकामा ठेवला. एकदा पावसात युनिफॉर्म भिजला, तो तिथेच वाळत राहिला, आणि मग खणात गेला.

मला त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. बाबाकडे मजा आली तर घरी येऊन आईसमोर ते लपवायचं. आई काही बोलायची नाही, पण तिचा चेहरा बघून मी ‘ठीक होतं’ म्हणायचे. तुमच्या बायकोला शक्य असेल तर मुलाला निघताना तिने एवढंच म्हणावं, ‘मज्जा कर.’ आणि तीनच्या झोपेचं : १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मी परीक्षेच्या वेळी केला होता. लाजू नका.

धायरीवाला (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. उशीर झाला, सांगायचंच चाललं होतं.

रविवारी दोघांनी मिळून त्याला सांगितलं. तो ऐकत होता आणि सोफ्याच्या शिवणीतून दोरा ओढत होता. मग विचारलं, “पासवर्ड तोच राहणार ना?” वायफायचा. तो राहणार म्हटल्यावर खेळायला गेला. रात्री हिच्याजवळ बराच रडला म्हणे. मी तिथे नव्हतो. हे असंच असणार आता.

आईला फोन केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गौरींना साडी कोण नेसवणार?” मला राग आला, फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिचाच फोन. “तिचा नंबर तोच आहे ना रे? तू मध्ये पडू नको, मी बोलते तिच्याशी.” दोघी काय बोलल्या ते मला दोघींनीही सांगितलेलं नाही.

१४४१६ ला एकदा केला. अर्धा तास बोललो.

@खातेवही, दुसरा मार्ग हिनेच काढला, फ्लॅट विकून जवळपास लहान घर. शाळा तीच ठेवायची, एवढीच अट. शनिवारी दोघं बँकेत जातोय. जाताना करारनामा, कर्जाचं स्टेटमेंट आणि अजून काय लागेल?