पहिल्याच प्रयत्नात पीई पास: मिरवावं असं त्यात काय आहे?

छेदात_कोण
मागच्या आठवड्यात ऑफिसात टीम लीड निवडायचा होता. साहेबांनी एका सहकारी बाईंना पीईबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या इंजिनिअरिंग लायसन्सच्या परीक्षेबद्दल, सहज विचारलं, "पीई कितव्या प्रयत्नात झालं?" त्या म्हणाल्या, "तिसऱ्या." पुढे कोणी काही बोललं नाही, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. ड्रेनेज डिझाइनमध्ये त्यांच्याइतकं चोख काम आमच्याकडे कुणाचं नाही. म्हणून हा धागा.

अमेरिकेतल्या एफई (पीईच्या आधीची मूलभूत परीक्षा) आणि पीई परीक्षा घेणारी एनसीईईएस ही संस्था पहिल्यांदा बसणाऱ्यांचा आणि पुन्हा बसणाऱ्यांचा निकाल वेगवेगळा देते. सिव्हिल पीईत पहिल्यांदा बसणारे साधारण 60 टक्क्यांच्या आगेमागे, पुन्हा बसणारे त्याच्या बरेच खाली. क्लासवाले पहिल्याच आकड्याचे ढोल बडवतात. पण 'पहिल्यांदा बसणारा' म्हणजे कोण? काही राज्यांत चार वर्षांच्या अनुभवासाठी न थांबता पीईला बसता येतं. कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला पोरगा पहिल्यांदाच बसतो, आणि पंधरा वर्षं साइटवर घालवून, मुलं झोपल्यावर पुस्तक उघडणारा माझ्यासारखाही पहिल्यांदाच. दोघांची मिळून एक टक्केवारी काढली तर तिच्यावरून काय ओळखायचं?

काँक्रीट_काका
असहमत. साधं गणित करा. काठावरच्या माणसाची पास व्हायची शक्यता 30 टक्के धरू. तो तीनदा बसला तर एकदा तरी पास व्हायची शक्यता जवळपास 66 टक्के होते. बारा महिन्यांत तीनदा बसायची मुभा आहेच. म्हणजे चिकाटी आणि दर वेळी 400 डॉलर फी, एवढ्यावर लायसन्स.

आणि हे लायसन्स कशासाठी आलं तेही विसरू नका. 1937 साली टेक्ससमध्ये न्यू लंडनच्या शाळेत गॅसगळती होऊन स्फोट झाला, तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुलंच. त्याच वर्षी टेक्ससने इंजिनिअरांसाठी लायसन्सचा कायदा केला. ड्रॉइंगवर शिक्का मारणारा माणूस तिसऱ्या फेरीत सुटलाय का, हे विचारण्यात गैर काय?

छेदात_कोण
काका, तुमचं गणित बरोबर, पण अर्धवट. त्याच 30 टक्केवाल्यांपैकी दहातले तीन पहिल्याच फटक्यात सुटतात ना? ते तुमच्या हिशेबात हुशार! नशीब त्यांनाही तितकंच लागलं. शिवाय दोन प्रयत्नांमध्ये माणूस काहीच शिकत नाही, असं तुम्ही धरून चाललात.

ट्रॉलीवाला
दोघांच्या मध्ये तोंड घालतो. सिव्हिल पीई जानेवारी 2022 पासून कॉम्प्युटरवर गेली. त्याआधी आम्ही पुस्तकांचे क्रेट ट्रॉलीत घालून हॉलमध्ये नेत होतो, पानापानांना रंगीत चिठ्ठ्या डकवलेल्या. (एकाने अख्खं कपाट आणलंय असं वाटत होतं. पास झाला की नाही, देव जाणे.) आता स्क्रीनवर दिसतं ते हँडबुक आणि स्टँडर्ड्स, बस. त्यामुळे कुणी 'आमच्या वेळी पहिल्याच प्रयत्नात' सुरू केलं की मी आधी साल विचारतो.

नाल्याकाठची
मी एफईबद्दल बोलते, कारण कॉलेजं तोच आकडा माहितीपत्रकावर छापतात. ज्या कॉलेजात एफईला बसणं सक्तीचं, तिथे सगळेच बसतात, निकालाशी काही देणंघेणं नसलेलेसुद्धा. जिथे ऐच्छिक, तिथे फक्त तयारीचे. मग दुसऱ्या कॉलेजचा निकाल उजळ दिसणारच, शिक्षण तेच असलं तरी. एनसीईईएस कॉलेजांना विषयवार अहवाल देते. आपली मुलं फ्लुइड्समध्ये कच्ची की स्टॅटिक्समध्ये, ते त्यात कळतं. पण तो जाहिरातीत कोण टाकणार?

मात्र छेद, तुमच्या मताशीही मी पूर्ण सहमत नाही. पुन्हा बसणाऱ्यांचा कमी निकाल मला फार उपयोगी पडला. मी पीईला पहिल्या खेपेस नापास झाले आणि रागाच्या भरात लगेच पुढची तारीख घेणार होते. तो आकडा बघून थांबले. नापास झाल्यावर विषयवार रिपोर्ट मिळतो, त्यात जिओटेक्निकल (माती-पायाचा विषय) पार झोपलेलं होतं. चार महिने तेवढंच केलं.

काँक्रीट_काका
म्हणजे आकड्याला अर्थ आहे, हे मान्य झालं तर.

छेदात_कोण
गटाबद्दल सांगतो, माणसाबद्दल नाही, एवढंच माझं म्हणणं. परीक्षा कुणाला पहिलं-दुसरं ठरवण्यासाठी नाहीच. किमान पात्रतेची एक रेघ आखलेली आहे, बाकीच्यांना किती पडले याच्याशी तिचा संबंध नाही. पास झालेल्याला स्वतःचे गुणसुद्धा कळत नाहीत. बोर्डाने जी प्रतवारी केली नाही, ती साहेबांनी का करावी?

काँक्रीट_काका
साहेबांनी चारचौघांत विचारायला नको होतं, ते ठीक. पण माझ्या घराखालच्या पायाचं डिझाइन कोण करतंय असा प्रश्न आला, तर मी विचारीन. आणि हो, 30 टक्केवाल्यांबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. तेवढं मागे घेतो.

नाल्याकाठची
काका, विचाराच. पण त्याआधी विचारा, मागच्या पाच वर्षांत त्यांनी किती पाये केले आणि त्यांतले किती खचले.

ट्रॉलीवाला
मग त्या बाई झाल्या का लीड?

छेदात_कोण
अजून ठरलेलं नाही. तोवर ड्रॉइंगवर शिक्का त्यांचाच पडतोय.